लॉख लेव्हन: तळं उतरलं, बेट वाढलं

पाणवठा

आपली मंडळी स्कॉटलंडला आली की एडिंबरा, ग्लेन्को, लॉख नेस करतात आणि परत जातात. एडिंबराहून पर्थला जाताना एम-९० वर उजव्या हाताला एक मोठं, पसरट तळं दिसतं. गाडीतले सगळे "वा, छान" म्हणतात आणि गाडी पुढे जाते. ते लॉख लेव्हन. काठावरचं गाव किनरॉस. एडिंबराहून पाऊण तास, फार तर तासभर. मी शेजारच्या फाइफ परगण्यात राहतो, त्यामुळे हे तळं माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे, आणि त्याच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. ती सांगायलाच हा धागा.

तक्रार अशी, की तिथे जाणारे सगळे (आणि तिथले बरेच माहितीफलकसुद्धा) तळं जणू पूर्वीपासून असंच आहे असं धरून चालतात. मेरी, स्कॉटलंडची राणी, १५६७ च्या जूनमध्ये इथल्या बेटावरच्या किल्ल्यात कोंडली गेली. २४ जुलैला तिच्याकडून राज्यत्यागाच्या कागदांवर सह्या करून घेतल्या, आणि २ मे १५६८ ला ती होडीतून पळाली. लोक होडीने बेटावर जातात, गवतावर डबे उघडतात, झाडाखाली बसून म्हणतात, "इथे राणी फिरत असेल." नाही हो! तुम्ही बसलाय तिथे राणीच्या वेळी पाणी होतं.

तळ्याची पातळी १८३० च्या आसपास मुद्दाम खाली आणली गेली. १८२७ मध्ये त्यासाठी संसदेत कायदा झाला. तळ्यातून पूर्वेकडे एकच नदी निघते, लेव्हनच नाव तिचं, ती पुढे फाइफमधून वाहत फर्थ ऑफ फोर्थला मिळते. या नदीचं तळ्यातून निघतानाचं पात्र नागमोडी आणि उथळ होतं. त्याऐवजी सरळ, खोल चर खणला आणि तोंडाशी दरवाजे बसवले. तळं साधारण १.४ मीटरने उतरलं. हे ऐकायला काहीच नाही, एका शाळकरी मुलाची उंची. पण तळं परातीसारखं पसरट, त्यामुळे एवढ्या उतारात जवळजवळ चौथा हिस्सा पृष्ठभाग गेला. आज ते साधारण १३.४ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आधी १८ च्या जवळपास असणार. आज तिथे सात बेटं मोजतात. त्यातली काही चिमुकली बेटं पाणी उतरल्यावरच वर आली, आणि जी आधीपासून होती ती चांगलीच फुगली.

किल्ल्याचं बेट त्यातलंच. चौदाव्या शतकातला चौकोनी बुरूजवाडा, त्याला दगडी तटाचं अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात सोळाव्या शतकातला गोल बुरूज. एवढ्यानेच त्या काळी बेट जवळजवळ भरलेलं होतं. तटाबाहेर चालायला फारसं काही नव्हतंच. आता दरवाज्यातून बाहेर पडलात की हिरवळ, मग उंच झाडी, मग धक्का. किल्ला झाडांत अर्धा लपलाय. एकदा दरवाज्यात उभं राहून खाली बघा. किल्ला उंचवट्यावर आहे आणि तटापासून थोड्याच पावलांवर जमीन हलकेच खाली उतरते. त्या उताराच्या पायथ्याशी पूर्वी पाणी होतं असं मनात धरलं की सगळी जागा आक्रसते, आणि कैद म्हणजे काय ते कळतं.

पळून जाण्याची गोष्टसुद्धा या काठाशिवाय नीट कळत नाही. विली डग्लस नावाच्या पोरसवदा मुलाने जेवणाच्या वेळी चाव्या लांबवल्या, राणी दासीच्या वेषात दरवाज्याबाहेर आली, त्याने बाहेरून कुलूप लावलं आणि दोघं होडीत बसली. आजच्या बेटावर हे करून बघा. दरवाज्यापासून धक्क्यापर्यंत उघड्यावर चालायचं, आणि वरच्या खिडकीतून कुणीही बघणार. त्या काळी मात्र दरवाजा आणि होडी यांच्यात अंतरच नव्हतं म्हटलं तरी चालेल. म्हणूनच कुलूप लावण्याला अर्थ होता. आतले लोक अक्षरशः आत अडकले.

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने नकाशे आजच्या उपग्रह-चित्रावर ठेवून बघता येतात, खालची पट्टी सरकवली की जुनं पुसट होत नवं दिसतं. १७४७ ते १७५५ मधला रॉयचा लष्करी नकाशा लावा आणि किनरॉसजवळचा काठ बघा. मी एका रात्री बसलो तो दोन वाजेपर्यंत उठलो नाही.

कुणी जाऊन आलंय का? आणि इतर कुठल्या तळ्यांचे काठ असे हलवलेले माहीत असतील तर लिहा.

---

तळ्यात_मळ्यात

मस्त विषय. एक शंका: आम्ही ग्लेन्कोला गेलो होतो तेव्हा बॅलाहुलिशच्या पुलावरून जे दिसतं त्यालाही लॉख लेव्हनच म्हणत होते. तेच का?

---

पाणवठा

नाही, ते दुसरं. तिकडचं खाऱ्या पाण्याचं, समुद्राचा आत घुसलेला लांबट फाटा, दोन्हीकडे उभे डोंगर. हे गोड्या पाण्याचं, सखल मुलखातलं. पश्चिमेला किनरॉसची शेतं, पूर्वेला बिशप हिल, दक्षिणेला बेनार्टी. नॉर्थ क्वीख, साउथ क्वीख आणि गेअर्नी हे मोठे ओढे येऊन मिळतात, बाहेर जायची वाट एकच.

मुळात तळं तयार झालं तेही गमतीशीर. हिमयुगाच्या शेवटी बर्फ मागे हटताना बर्फाचे मोठे तुकडे वाळू-खड्यांत गाडले गेले, मग ते वितळले आणि तिथे खड्डे पडले. त्यामुळे बहुतेक तळं उथळ आणि मध्येच दोन खोल डोह. सर्वांत खोल जागा २५ मीटरच्या आसपास, पण सरासरी खोली जेमतेम ४ मीटर.

---

सुरवंट

पण एवढा खटाटोप केला कशासाठी? जमिनीसाठी? चारसाडेचार चौरस किलोमीटर शेत मिळवायला संसदेत कायदा?

---

बांधबंदिस्ती

सुरवंट, जमीन हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं खाली फाइफमध्ये आहे. लेव्हन नदीवर गिरण्यांची रांग होती: तागाचं कापड, सूत, कापड धुऊन पांढरं करायची मैदानं, कागद. त्या सगळ्यांना वर्षभर सारखं पाणी हवं. उन्हाळ्यात नदी आटली की चाकं थांबायची, पावसाळ्यात उगाच पूर. तोंडाशी दरवाजे बसवले की तळं म्हणजे गिरण्यांची टाकी झाली. हिवाळ्यात भरायची, उन्हाळ्यात सोडायची. काठाच्या जमीनदाराला शेत आणि खालच्या गिरणीवाल्याला पाणी. दोघांचं जमलं म्हणून काम झालं. एकट्या शेतकऱ्यांच्या जोरावर एवढा चर खणला गेला नसता असं माझं मत.

मी पाटबंधाऱ्यातला माणूस (आता निवृत्त, मुलाकडे डंडीला येऊन-जाऊन असतो), त्यामुळे किल्ल्याआधी मी ते दरवाजेच बघायला गेलो. तळ्याच्या आग्नेय टोकाला दगडी दरवाजेघर आहे. तिथून खाली बघितलं तर चर पट्टी लावून आखल्यासारखा सरळ जातो, पार नजर पोचेपर्यंत. बाजूच्या शेतांपेक्षा पाणी बरंच खाली आहे, त्यावरून खोदाई किती झाली असेल त्याचा अंदाज येतो. यंत्रं नव्हती, फावडी आणि माणसं. गिरण्या गेल्या, मार्किंचची शेवटची मोठी कागद गिरणी २०१५ मध्ये बंद पडली. पण दरवाजे आहेत आणि पातळी अजूनही माणूसच ठरवतो.

एक सोपं गणित. गेलेला पृष्ठभाग साधारण ४.५ चौरस किलोमीटर, काठाची लांबी २० किलोमीटर धरा. म्हणजे काठ सरासरी २०० मीटरपेक्षा जास्त मागे हटला. पण सरासरी फसवी. जिथे उतार आहे तिथे काठ पाचपन्नास पावलं हलला असेल, सपाट भागात तो कुठच्या कुठे गेला.

---

नकाशेवाला

धागा आवडला, पण रॉयच्या नकाशावरून मापं काढू नका कृपया. तो नकाशा १७४५ च्या बंडानंतर लष्कराला डोंगराळ मुलूख कळावा म्हणून घाईघाईत केलेला. खुद्द रॉयनेच पुढे त्याला अचूक नकाशा न म्हणता भव्य लष्करी रेखाटन म्हटलंय. रस्ते, गावं, टेकड्या कुठे होत्या ते समजायला उत्तम, पण काठ २०० मीटर इकडे की तिकडे हे त्यावरून ठरत नाही. पट्टी सरकवली की काठ हलताना दिसतो, त्यात तळ्याचं हलणं किती आणि नकाशाची चूक किती ते वेगळं करता येत नाही.

त्यापेक्षा समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) घ्या. आजचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १०७ मीटरवर आहे. त्यात १.४ मिळवा आणि १०८ च्या जरा वरची रेषा तळ्याभोवती फिरवा. तीच साधारण जुनी कड. ही रेषा सेंट सर्फ्स बेटावर फिरवली की बेट कसं आक्रसतं ते बघण्यासारखं आहे. तळ्यातलं सर्वांत मोठं बेट ते, पण फार सपाट, त्यामुळे सगळ्यात जास्त फायदा त्यालाच झाला.

खोलीची मापं हवी असतील तर मरे आणि पुलर यांची पाहणी बघा, १८९७ ते १९०९. दोरीला वजन बांधून ५६२ तळी मोजली त्यांनी. लेव्हनची सर्वांत जास्त खोली ८३ फूट भरली.

---

पाणवठा

नकाशेवाला, मापं काढायला नाही, चटक लावायला सांगितलं होतं :) समोच्चरेषेची युक्ती झकास. आज रात्री पुन्हा दोन वाजणार.

---

मनमोकळी

पळून जाण्याची गोष्ट सगळे रंगवून सांगतात, आधीचे महिने कुणी सांगत नाही. ती तिथे आली तेव्हा गरोदर होती. जुळी होती, गर्भपात झाला. त्यातून नीट उठलीही नव्हती तेव्हा सह्यांचे कागद समोर आले. वय २४. आणि किल्ला कुणाचा, तर सर विल्यम डग्लसचा. त्याची आई मार्गारेट अर्स्किन तिथेच राहत होती. ही बाई मेरीच्या वडिलांची, पाचव्या जेम्सची, एके काळची प्रेयसी, आणि त्या दोघांचा मुलगा, मरेचा उमराव जेम्स, मेरीला बाजूला सारून राज्याचा कारभारी झाला. म्हणजे वडिलांच्या प्रेयसीच्या घरात नजरकैद, आणि सावत्र भाऊ सिंहासनामागे. मालिकावाल्यांनी एवढं लिहिलं तर आपण म्हणू जरा अतीच होतंय.

मेच्या आधी मार्चमध्येही एक प्रयत्न झाला होता. कपडे धुणाऱ्या बाईच्या वेषात ती होडीत बसली, होडी निघालीही. नावाड्याने थट्टेत तोंडावरचा पदर ओढायला हात घातला, तिने अडवायला हात वर केला आणि तो पांढराशुभ्र मऊ हात बघून नावाडी समजला. हे काही धुणं बडवणाऱ्या बाईचे हात नव्हेत. परत आणून सोडली. मला पळण्यापेक्षा ही फसलेली गोष्ट जास्त खरी वाटते.

आणि पळून मिळालं काय? ११ दिवसांनी लँगसाइडला हार, मग इंग्लंडमध्ये आश्रय, मग १९ वर्षं आणखी कैद, आणि १५८७ मध्ये फॉदरिंगेला शिरच्छेद.

---

सुरवंट

चाव्यांचं काय झालं? तळ्यात टाकल्या असं वाचल्यासारखं वाटतंय.

---

मनमोकळी

एक म्हणणं तळ्यात टाकल्या, दुसरं म्हणणं दरवाज्याजवळच्या तोफेच्या तोंडात. १८०५ मध्ये तळ्यात एक जुडगा सापडला आणि तोच तो असं ठरवून लोक मोकळे झाले. शतकानुशतकं वस्ती असलेल्या किल्ल्याभोवती पाण्यात एकच जुडगा पडला असेल होय?

---

बांधबंदिस्ती

पाण्याच्या पातळीचीच आणखी एक गोष्ट राहिली. १३३५ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला होता. किल्लेदार अ‍ॅलन दी व्हायपाँट. दंतकथा अशी, की वेढा घालणाऱ्यांनी नदीच्या तोंडाशी बांध घालून तळं चढवायला सुरुवात केली, म्हणजे किल्ला बुडेल. मग किल्ल्यातले काही जण रात्री होडीतून गेले, बांधाला भोक पाडलं आणि लोंढ्यात वेढा घालणाऱ्यांचीच छावणी वाहून गेली. इतिहासकार याला फारसं धरत नाहीत.

मी आकडे मांडून बघितले. तळ्याचं सगळं पाणी बदलायला आज साधारण पाच महिने लागतात, साठा ५ कोटी घनमीटरच्या वर. म्हणजे महिन्याला एक कोटीच्या आसपास आत येतं. जुनं तळं १८ चौरस किलोमीटर धरलं तर ते एक मीटर चढवायला पावणेदोन-दोन कोटी लागतील, त्यातून चढताना ते पसरणार. तरी दोनअडीच महिन्यांत मीटरभर चढू शकतं, तेही आवक सरासरीइतकी असली तर. तेव्हा अडचण पाण्याची नाही. अडचण बांधाची. तोंडाशी जमीन सपाट आणि रेताड, बांध उंच कमी पण लांब फार लागणार, आणि कडेने पाणी फुटून निघणार. चौदाव्या शतकातली फौज हे महिनोन्महिने सांभाळत बसेल हे मला पटत नाही. दोनचार हात पाणी चढवलं असेल, बाकी लोकांनी चढवलं.

---

घाटमाथा

वाचताना आपलं पळसदेव आठवलं. उजनीत बुडालेलं देऊळ, दुष्काळी वर्षी पाणी उतरलं की वर येतं आणि सगळे फोटो काढायला धावतात.

---

पाणवठा

पळसदेवला पाणी चढलं, इथे उतरलं. चढवल्याची उदाहरणं स्कॉटलंडमध्येही आहेत. लॉख कॅट्रिनचं पाणी ग्लासगोला नेलं, १८५९ मध्ये राणी व्हिक्टोरियाने उद्घाटन केलं. पातळी वाढवली आणि सिल्व्हर स्ट्रँड नावाची गाजलेली पांढऱ्या खड्यांची पुळण पाण्याखाली गेली. वॉल्टर स्कॉटच्या 'द लेडी ऑफ द लेक' या १८१० च्या काव्यामुळे लोक तीच जागा बघायला झुंडीने येत होते. प्रवासी आले कवितेमुळे आणि पुळण गेली नळाच्या पाण्यामुळे. ग्लासगोत तेव्हा पटकीच्या साथी येत होत्या, त्यामुळे या सौद्याबद्दल तक्रार करायचा मला तरी धीर होत नाही.

लॉख नेससुद्धा. कॅलिडोनियन कालवा १८२२ मध्ये सुरू झाला, त्यासाठी पातळी वाढवली. फोर्ट ऑगस्टसजवळचं चेरी आयलंड, जे मुळात माणसांनी लाकूड-दगड रचून केलेलं बेट, ते त्यामुळे आक्रसलं.

---

जुनीगल्ली

एडिंबरा विसरू नका. प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्समध्ये आपले लोक हिरवळीवर लोळतात तिथे नॉर लॉख होतं. तेही नैसर्गिक नव्हे, किल्ल्याच्या उत्तर बाजूला आडोसा म्हणून १४६० च्या सुमारास बांध घालून केलेलं. पुढे सगळ्या जुन्या गावाची घाण तिथेच जायची. १७५९ पासून ते उपसायला सुरुवात केली. वेव्हर्ली स्टेशन त्याच खोलगट जागेत बसलंय, म्हणून तर स्टेशनात जायला सगळीकडून खाली उतरावं लागतं.

---

रानवाट

पक्ष्यांबद्दल कुणीच लिहीना म्हणून मी.

माझ्या मते पाणी उतरवण्याचा सर्वांत मोठा फायदा बदकांना झाला. सेंट सर्फ्स बेट मोठं झालं, त्यावर गवत माजलं, तिथे कोल्हे-कुत्री सहजी पोचत नाहीत. टफ्टेड डक आणि गॅडवॉल तिथे शेकड्यांनी घरटी करतात. ब्रिटनमध्ये समुद्रापासून आत एका ठिकाणी एवढी बदकं क्वचितच विणीला असतात. १९६४ पासून हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. सप्टेंबरअखेरीस आइसलँड-ग्रीनलँडकडून गुलाबी पायांचे हंस येतात, हजारोंनी. दिवसा शेतात, रात्री पाण्यावर. संध्याकाळी दक्षिण काठावर पक्षीसंघटनेचं केंद्र आहे तिथे थांबा. आधी आवाज येतो, दूरवर कुत्र्यांची टोळी भुंकतेय असा, मग एकेक रांग बेनार्टीवरून खाली येते आणि पाण्याजवळ आल्यावर पंख वाकडेतिकडे करत गटांगळ्या खात उतरते. कॅमेरा ठेवा आणि नुसतं बघा.

त्या बेटावर उतरायची परवानगी नाही हे आधीच सांगते, दर वर्षी कुणीतरी विचारतंच. बाराव्या शतकातल्या मठाचे थोडे अवशेष आहेत. त्याआधी तिथे कल्डी नावाचे ख्रिस्ती साधू होते. इथलाच मठाधिपती अँड्र्यू ऑफ विंटन याने १४२० च्या सुमारास स्कॉटलंडचा इतिहास पद्यात लिहिला.

---

गळकरी

बदकांना फायदा, माशांचं नुकसान. या तळ्यात 'चार' (इंग्रजीत char) नावाचा, थंड, स्वच्छ पाण्यातला मासा होता. पाणी उतरवलं आणि १८३० च्या दशकातच तो संपला. नदीच्या तोंडाशी दरवाजे आल्यावर समुद्राकडून वर येणाऱ्या माशांची वाटही अडली.

ट्राउट मात्र टिकला, आणि नुसता टिकला नाही, जगभर गेला. चंदेरी अंगाचा, अंगावर काळे ठिपके. स्टर्लिंगजवळ हाउइटूनला सर जेम्स मेटलंडने १८७० च्या दशकात मत्स्यबीज केंद्र काढलं, तिथे लेव्हनचा वाण वापरला. तिथून अंडी बर्फात बांधून जहाजांनी जात.

---

वायव्यवारा

गळकरी, मी अमेरिकेत आहे आणि यलोस्टोनच्या लुईस लेकवर गळ टाकलाय. तिथे १८९० मध्ये सोडलेले ट्राउट लॉख लेव्हनचेच. आधी त्या तळ्यात मासेच नव्हते, खालच्या धबधब्यामुळे वर येऊ शकत नव्हते. तिथले जुने गळवाले अजून त्या माशाला 'लॉख लेव्हन' म्हणतात. हे नाव कुठून आलं ते आज तुमच्या धाग्यावर नीट कळलं. आता मूळ तळं बघायलाच हवं.

---

निळेशेवाळ

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं पाणी गढूळ करतो. १३ जून १९९२, शनिवार. तळ्यावर निळ्याहिरव्या शेवाळाचा असा जाड थर आला की स्थानिक लोक त्या दिवसाला अजून 'स्कम सॅटर्डे' म्हणतात. मासेमारी बंद, कुत्री-गुरं पाण्यापासून दूर ठेवा, हॉटेलं ओस. कारण फॉस्फरस. काठावरच्या लोकर गिरणीचं सांडपाणी, गावांचं मैलापाणी, शेतातलं खत. १९८५ मध्ये वर्षाला सुमारे २० टन फॉस्फरस तळ्यात येत होता. गिरणीचा बंद केला, सांडपाणी केंद्रं सुधारली, १९९५ पर्यंत तो ८ टनांवर आला. तरी पाणी लगेच निवळलं नाही, कारण तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा साठा आहे आणि तो उन्हाळ्यात परत वर येतो.

माझा मुद्दा: १८३० मध्ये तळं उथळ केलं नसतं तर हे एवढं झालं नसतं.

---

बांधबंदिस्ती

मला नाही पटत. १.४ मीटर जास्त असते तरी ते उथळच राहिलं असतं. वारा तेव्हाही तळाचा गाळ ढवळणारच. आणि १८३० नंतर दीडशे वर्षं तळ्यावर माणसं मासे धरत होती ना? बिघडलं ते आत काय सोडलं त्यामुळे.

---

निळेशेवाळ

मुख्य दोष फॉस्फरसचा, मान्यच. पण काठची उथळ, वनस्पतींनी भरलेली पट्टी पाणी गाळून घेते, आणि पाणी उतरलं तेव्हा तीच पहिली कोरडी पडली. नंतर खाली नवी पट्टी तयार झाली असं म्हणाल, पण गिरण्यांसाठी पातळी खालीवर करत राहिलं की तिथे काही धड रुजत नाही. पाण्याचं प्रमाणही बघा. तेवढाच फॉस्फरस कमी पाण्यात.

१९६८ पासून या तळ्याचं पाणी सलग तपासलं जातंय, तेव्हा आकड्यांची कमी नाही. आता पाण्याखालच्या वनस्पती बऱ्याच खोलीपर्यंत परत आल्यात. पण उन्हाळ्यात शेवाळाच्या पाट्या अजून लागतात, कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनी त्या वाचाव्यात.

---

बांधबंदिस्ती

पातळी खालीवर करण्याचा मुद्दा वजनदार आहे. बाकी आपण दोघं एकदा दरवाजेघरापाशी भेटू आणि भांडू.

---

नकाशेवाला

किनरॉस हाउसबद्दल कुणी लिहिलं नाही. सर विल्यम ब्रूस या वास्तुकाराने १६७५ मध्ये ही जहागीर घेतली आणि स्वतःसाठी घर बांधलं. घराचा मधला अक्ष असा आखला की मागच्या दारातून सरळ बागेच्या दरवाज्यातून तळ्यातला किल्ला दिसावा. आधी दृश्य ठरवलं, मग घर बसवलं. त्या बागेच्या दरवाज्यावर माशांनी भरलेली टोपली कोरलीय, म्हणून त्याला फिश गेट म्हणतात. ब्रूसच्या वेळी त्या दृश्यात पाण्यातून थेट वर येणारा तट होता. आता मध्ये झाडी आली.

---

तळ्यात_मळ्यात

ठरलं, जूनमध्ये जाणार. सोबत सासूबाई (७२, गुडघे) आणि दोन मुलं. काय काय जमेल? आणि तो जुना काठ प्रत्यक्ष कुठे दिसतो, की नकाशातच?

---

पाणवठा

किल्ल्याची होडी किनरॉसच्या धक्क्यावरून, प्रवास दहाएक मिनिटांचा. हिवाळ्यात बंद, उन्हाळी महिन्यांतच चालते, जागा मोजक्या, आधी नोंदणी करा. वारा फार असला की फेऱ्या रद्द होतात. सासूबाईंना होडीत चढता-उतरताना हात द्यावा लागेल, बेटावर मात्र सपाट आहे. बुरूजवाड्यात आत जायच्या पायऱ्या त्यांनी नाही चढल्या तरी चालेल, गंमत बाहेरच आहे.

तळ्याभोवती पूर्ण २१ किलोमीटरची वाट आहे, सपाट, सायकलीला आणि ढकलखुर्चीलाही चालेल अशी. मुलांना सगळी करायला लावू नका. किनरॉसच्या धक्क्यापासून उत्तरेला बर्ली सँड्सपर्यंत जा आणि परत या. वाटेत वाळूची पुळण आहे, मागे पाइनची झाडं. झाडांत शिरून पाण्याकडे पाठ करा. काही ठिकाणी शेताच्या बाजूला जमीन एकदम हातभर-दोन हात वर चढते, आणि ती पायरी काठाला समांतर लांबवर जाते. नकाशेवाल्यांची १०८ ची रेषा मोबाइलवर काढून ठेवा आणि ती पायरी तिच्यावर बसते का ते मुलांना तपासायला सांगा, तासभर गुंततील.

---

रानवाट

जूनमध्ये संध्याकाळी काठावर चिलटांचे ढग असतात. चावत नाहीत, पण तोंडात जातात. सासूबाईंना ओढणी घ्यायला सांगा. आणि गाडी दक्षिण काठावरच्या पक्षीकेंद्रात लावलीत तर तिथूनही सगळं तळं दिसतं. गुडघेवाल्यांची सोय तिथे, होडीवाल्यांची किनरॉसला.

---

तळ्यात_मळ्यात

धन्यवाद मंडळी. बांधबंदिस्ती काका, जूनमध्ये डंडीत असाल तर दरवाजेघर दाखवायला याल का? मुलगा नववीत आहे आणि त्याला दरवाजे कसे उचलतात यात जास्त रस आहे, राणीत नाही.

---

बांधबंदिस्ती

तारीख कळवा. मी जुलैपर्यंत इथेच आहे. मुलाला म्हणावं वही घेऊन ये, चराची रुंदी आणि पाण्याचा वेग मोजून विसर्ग काढू. निळेशेवाळ, तुम्हीही या.